जस्ताची बहीण

शाळेत त्यांना अणूबाई म्हणतात, आणि हे नाव काही लाडाने पडलेले नाही. रसायनशास्त्राच्या तासाला एखाद्याने ‘सोने म्हणजे पिवळा, जड, चकाकणारा धातू’ असे उत्तर दिले की बाईंच्या हातातला खडू फळ्यावर मोडतो. “पिवळं पितळही असतं. जड शिसंही असतं. चकाकायला नवी बादलीसुद्धा चकाकते. तुझ्या लग्नात बादली वितळवून दागिने करायचे का?” वर्ग हसतो, बाई हसत नाहीत. “सोनं म्हणजे एकोणऐंशी. अणूच्या केंद्रकात एकोणऐंशी प्रोटॉन. त्यातला एक काढलास तर प्लॅटिनम, एक घातलास तर पारा. रंग, वजन, चकाकी हे सगळं नंतरचं. आधी तो आकडा.”

ह्या आकड्यावर त्यांची श्रद्धा आहे असे म्हटले तर त्यांना ते आवडणार नाही. जगात एवढी एकच ओळख त्यांना सापडली, जी कोणाच्या मर्जीवर, वशिल्यावर किंवा बोलण्याच्या चातुर्यावर अवलंबून नाही. बाकी सर्वत्र त्यांनी ओळखी बदलताना पाहिल्या होत्या. नापास झालेला संस्थाचालकांचा भाचा पास झालेला पाहिला होता. गळणाऱ्या वर्गखोलीला ‘दुरुस्त’ म्हणताना पाहिले होते. तीस प्रोटॉनांचे जस्त मात्र कोणी कितीही वरून फोन केला तरी जस्तच राहते.

केंद्रकातला आकडा ओळख ठरवतो. वागणूक ठरते ती बाहेरून. जितके प्रोटॉन तितकेच इलेक्ट्रॉन केंद्रकाभोवती कवचांत बसतात, आणि दुसऱ्या अणूशी होणारा व्यवहार मुख्यतः सर्वांत बाहेरच्या कवचातून होतो. हे मुलांच्या डोक्यात उतरावे म्हणून बाईंनी घराचे उदाहरण शोधले होते. आतल्या खोल्यांत किती माणसे आहेत ते रस्त्यावरच्याला दिसत नाही. त्याला अंगणात बसलेले दिसतात. जस्ताच्या अंगणात दोन, कॅडमियमच्या अंगणातही दोन. म्हणून आवर्तसारणीत दोघी एकाच गणात, एकाखाली एक. “सख्ख्या बहिणी समजा,” बाई म्हणत. त्यापुढचे वाक्यही त्या दर वर्षी न चुकता म्हणत: “पण कॅडमियमच्या घरात अठरा माणसांची एक आख्खी खोली जास्त आहे. घर मोठं, केंद्रक वेगळं, स्वभाव वेगळा. अंगण बघून घरात शिरू नका.” परीक्षेला प्रश्न येई तो पहिल्या वाक्यावर. एका गुणाचा. उत्तर: बाह्यतम कवचातील इलेक्ट्रॉनांची संख्या समान असल्याने गुणधर्म सारखे. एक गुण मिळे आणि दुसरे वाक्य वर्गातच राहून जाई.

बाईंचा धाकटा भाऊ त्यांच्याच विषयात दोनदा नापास झाला होता. आईवडील लवकर गेले. बाईंनी त्याला वाढवले, रागावून वाढवले, आणि तरीही तो हसरा निघाला. शीतगृहांच्या यंत्रांसाठी तांब्याच्या नळ्यांची जाळी बनवणाऱ्या एका कारखान्यात तो ब्रेझिंग करी. ज्योत सांध्यावर धरायची, नळी लाल झाली की धातूची कांडी टेकवायची. कांडी वितळून फटीत शिरते आणि निवली की दोन नळ्यांची एक होते. बहिणीच्या घरी जेवायला आला की तो तिला डिवचत असे. “ताई, तू धातूंची नुसती नावं घेतेस. मी त्यांची लग्नं लावतो.”

काम करताना तो शिट्टी वाजवी, म्हणून कारखान्यात त्याचे नाव शिट्टी. मास्क लावला तर शिट्टी वाजत नाही, असे तो मास्क न लावण्याचे कारण सांगे. खरे कारण एवढेच होते की कारखान्यात मास्क नव्हते.

त्या कारखान्यात एक ताप होता. पितळी कांडी किंवा जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा फार तापला की पांढरा धूर निघतो, कापसाच्या पुंजक्यांसारखा. तो छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजते, तोंडाला धातूची गोडसर चव येते, अंग मोडून येते, आणि दुसऱ्या दिवशी सारे ओसरते. ह्याला तिथे ‘जस्त लागणे’ म्हणत. नव्या माणसाला पहिल्यांदा जस्त लागले की सगळ्यांत जुना कामगार, ज्याला सगळे मामा म्हणत, त्याच्या पाठीवर थाप मारी. “झालास आमच्यातला. आता दूध पी, पांघरूण घे आणि उद्या वेळेवर ये.” एकदा एकजण अशा तापासाठी डॉक्टरकडे गेला, तर वर्षभर त्याला ‘राजेसाहेब’ म्हणत. राजेसाहेबांना खुर्ची द्या, राजेसाहेबांना वारा घाला.

ह्या थट्टेकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. धूर बाहेर काढण्याची सोय करणे हे मालकाचे काम होते. ते त्याने केले नाही, आणि त्या न केलेल्या कामाची किंमत ज्यांच्या फुप्फुसांतून वसूल होत होती त्यांनीच तिला मर्दुमकी ठरवले. अन्यायाला पहारेकरी ठेवावे लागत नाहीत, जेव्हा पीडितच एकमेकांवर हसून पहारा करतात. जस्ताच्या बाबतीत हे खपून गेले, कारण जस्ताचा ताप खरोखरच उतरतो.

मग नव्या कांड्या आल्या. आधीच्या कांड्यांत चांदी जास्त होती. ह्यांत चांदी कमी करून कॅडमियम घातले होते. कामगार खूश झाले. कमी आचेवर पाण्यासारखी पळणारी कांडी कोणाला नको असते? मामांनी मात्र सुपरवायझरला विचारले, “साहेब, हे कॅडमियम म्हणजे काय प्रकार?”

सुपरवायझर हा अणूबाईंचा विद्यार्थी. साधा नव्हे, पैकीच्या पैकी मिळवणारा. तो सहज बोलून गेला, “जस्ताची बहीण. एकाच गणातल्या दोघी, गुणधर्म सारखे. आमच्या बाईंनीच शिकवलंय, ह्या शिट्टीच्या ताईंनी. फार तर काय होईल? जस्त लागेल.”

“जस्ताशी आपली जुनी सोयरीक,” शिट्टी म्हणाला. “म्हणजे ही आपली मेव्हणीच की!”

सगळे हसले. त्या दिवसापासून नव्या कांडीचे नाव मेव्हणी पडले.

सुपरवायझर खोटे बोलला नव्हता, आणि त्यातच सगळा घात आहे. खोट्याला कधीतरी पकडता येते. परीक्षेत बरोबर ठरलेले अर्धे वाक्य आयुष्यभर बरोबरच्या खुणेसह फिरत राहते.

एका शीतगृहात गळती लागली. आतल्या अरुंद कोठडीत भिंतीला टेकून उभे राहिले तर एक माणूस जेमतेम मावतो, आणि तिथल्या नळ्यांचे सांधे जागेवरच पुन्हा करायचे होते. हवा खेळवायला फिरता पंखा होता; त्याने ज्योत हलते म्हणून शिट्टीने तो बंद केला. हे तिथले सगळेच करत. जस्त आणि कॅडमियम यांच्यातला एक फरक त्या कोठडीत ज्योतीच्या टोकाशी उभा होता: कॅडमियम जस्ताच्या कितीतरी आधी उकळते. कांडी जरा जास्त तापली की त्याची वाफ होते, आणि वाफेचा धूर. दुपारभर तो शिट्टी वाजवत काम करत राहिला. शिट्टीसाठी श्वास खोल घ्यावा लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या बायकोचा बाईंना फोन आला. “ताई, जरा येऊन जाता का? ह्यांना जस्त लागलंय. पण उजाडलं तरी उतरलं नाही. उलट दम लागतोय. मी काही म्हटलं की हसतात.”

बाई गेल्या तेव्हा तो पलंगावर भिंतीला पाठ लावून बसला होता. आडवे पडले की गुदमरायला होत होते, म्हणून रात्रभर तसाच बसला होता. खोलीत पलंग, शिवणयंत्र, कपाट, आणि मोरीपाशी बादलीत भिजत घातलेले कपडे. उशाशी दुधाचा पेला तसाच, वर साय धरलेली.

“आल्या परीक्षक,” तो म्हणाला. एवढ्यावर त्याला थांबून श्वास घ्यावा लागला.

“बोलू नकोस.”

“जस्त आहे गं. उतरेल.”

“कालचा सदरा कुठाय?”

भावजयीने दाराच्या खुंटीकडे बोट दाखवले. बादलीत टाकायचा राहिला होता. बाईंनी तो खिडकीशी नेला. बाहीवर, कॉलरच्या घडीत बारीक पूड बसली होती. पांढरी नव्हती. गंजापेक्षा फिकी, हळदीपेक्षा काळपट, तपकिरी.

“धूर कसा होता?”

“तपकिरीच होता जरा. मेव्हणी ना…” तो हसला, आणि त्या हसण्याचा खोकला झाला. खोकला थांबला तेव्हा ओठांवर फेस होता.

“कोण मेव्हणी?”

त्याने सांगितले. अडखळत, मध्ये मध्ये श्वास भरत, पण गंमत म्हणून सांगितले. नवी कांडी, चांदीऐवजी कॅडमियम, जस्ताची बहीण. “तुझाच तो हुशार म्हणाला. पैकीच्या पैकीवाला. तूच शिकवलंस म्हणे.”

बाईंचा चेहरा त्या वेळी कसा झाला ते भावजयीने नंतर सांगितले: मारायला उठलेल्या माणसासारखा, पण मारायचे कोणाला हे न कळलेल्या.

“ऊठ. दवाखान्यात जायचंय.”

“जस्तासाठी? वेडी आहेस का! उद्या कामावर काय तोंड दाखवू? मामा म्हणतील, शिट्टीची हवा गेली.”

“उद्या तोंड असेल तर दाखवशील!” बाई ओरडल्या. खालच्या मजल्यावरची माणसे दारात आली. “जस्ताचा ताप येतो आणि जातो. हा जाणार नाही. तुझ्या फुप्फुसांचं अस्तर आतून भाजलंय, मूर्खा, आणि त्यात आता पाणी भरतंय. म्हणून तुला आडवं होता येत नाहीये. सुरुवात अगदी जस्तासारखी होते. तीच थंडी, तीच चव, तेच अंग मोडणं. तेवढ्यावर विसंबून माणसं पांघरूण घेऊन मरतात.”

“पण बहीण…”

“बहीण मी आहे तुझी. ती कोणी नाही.”

त्याला खुर्चीत बसवून शेजाऱ्यांनी जिन्यावरून उतरवले. उतरताना तो एकाला हळूच म्हणाला, “राजेसाहेबांची पालखी.” त्यावर कोणी हसले नाही.

दवाखान्यात तपासणाऱ्या डॉक्टर तरुण होत्या आणि थकलेल्या होत्या. वेल्डिंगसारखे काम, संध्याकाळी ताप, थंडी, हे ऐकताच त्या म्हणाल्या, “धातूच्या धुराचा ताप दिसतोय. ह्या लोकांना सर्रास होतो. विश्रांती घेतली की…”

बाईंनी सदरा टेबलावर पसरला. “हे जस्त नाही.”

डॉक्टरांनी बाही उजेडात धरली. “मग काय आहे?”

“अठ्ठेचाळीस,” बाई म्हणाल्या. मग समोरची मुलगी आपली विद्यार्थिनी नाही हे लक्षात येऊन, “कॅडमियम.”

डॉक्टरांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. प्राणवायूची नळी, छातीचा फोटो, वरच्या डॉक्टरांना फोन, हे सगळे एकदम सुरू झाले. फोटोत दोन्ही फुप्फुसे ढगाळ होती. कॅडमियमच्या धुराला उतारा म्हणावे असे काही नाही. प्राणवायू देत राहायचे आणि फुप्फुसांनी तग धरावा याची वाट पाहायची. घरी पांघरुणात हा माणूस वाचला नसता, इथेही वाचेलच असे नाही, एवढे डॉक्टरांनी बाईंना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितले. बाईंना त्यांचा ह्याबद्दल राग आला नाही. त्या दिवशी जिचा राग आला नाही अशी ती एकच व्यक्ती असावी.

शिट्टीचा जीव वर-खाली होत असताना सुपरवायझर भेटायला आला. हातात फळांची पिशवी. बाई वऱ्हांड्यात बाकावर बसल्या होत्या. तो उभाच राहिला; शाळेतही तो बाईंसमोर असाच उभा राहत असे.

“बाई, मला खरंच माहीत नव्हतं. तुम्हीच म्हणाला होतात, बहिणी आहेत म्हणून.”

“म्हणाले होते. पुढे काय म्हणाले होते?”

तो आठवू लागला. फळांची पिशवी ह्या हातातून त्या हातात गेली.

“पुढचं… परीक्षेला नव्हतं, बाई.”

 त्या मुलाच्या उत्तरपत्रिकेवर बरोबरची खूण बाईंनीच केली होती, आणि ते त्यांना आठवत नव्हते असे नाही. पण स्वतःला दोष देऊन मोकळे होण्याची सोय त्यांनी घेतली नाही. पश्चात्तापात बुडालेले माणूस पुढचा प्रश्न विचारायला विसरते.

“कांड्या कुठे आहेत?”

“मालक म्हणतात, साठा संपू दे. पुढच्या वेळी दुसऱ्या मागवू. पंखा चालू ठेवायची सूचना दिलीय सगळ्यांना.”

“परवा तुला माहीत नव्हतं. मान्य. आज माहीत आहे ना?”

“हो.”

“मग आज सकाळी कांडी कोणाच्या हातात दिलीस?”

त्याने फळांची पिशवी बाकावर ठेवली आणि गेला. बाईंनी ती उचलून त्याच्या मागोमाग जिन्यापर्यंत जाऊन त्याच्या हातात परत दिली.

अज्ञान हा अपराध आहे की नाही यावर वाद घालता येतो. कळल्यानंतरच्या सकाळी जुनेच काम चालू ठेवणे, यावर वाद नाही. आपल्या संस्था, मग ती शाळा असो की कारखाना, ह्या दुसऱ्या सकाळीच उघड्या पडतात. साठा संपू दे, हे वाक्य त्यांच्या तोंडी इतके सहज येते की त्यात माणूस हाही साठाच आहे हे ऐकणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

शिट्टी वाचला. कसा, तर अर्धा. जिना चढताना प्रत्येक वळणावर थांबणारा, ज्योत पुन्हा हातात न धरू शकणारा. बाई शाळेत पुन्हा रुजू झाल्या तेव्हा नेमका तोच पाठ आला. आवर्तसारणीचा तक्ता लावला आणि पहिल्या बाकावरची मुलगी, जिने मोठ्या बहिणीच्या वह्या आधीच वाचल्या होत्या, उठून म्हणाली, “बाई, ह्या दोघी बहिणी ना?”

खडू मोडला.

“अणूला बहीण नसते,” बाई म्हणाल्या. “अणूला नाती नसतात, दया नसते, ओळख विसरणं नसतं. नाती माणसांना असतात. लिहून घ्या: तीस आणि अठ्ठेचाळीस.” मग त्यांनी शांतपणे सांगितले की शरीर बाहेरचे दोन इलेक्ट्रॉन पाहून फसते. जस्तासाठी राखलेल्या जागी, यकृतात, मूत्रपिंडात, कॅडमियम जाऊन बसते. त्याचा अणू मोठा, आणि गंधकाला तो जस्तापेक्षा घट्ट धरतो. म्हणून जस्ताचे काम त्याला करता येत नाही, आणि धरलेली जागा तो वर्षानुवर्षे सोडतही नाही. “सारखेपणामुळे तो आत जातो आणि वेगळेपणामुळे मारतो. दोन्ही वाक्यं पाठ करा. एक वाक्य लिहिणाऱ्याला शून्य.”

मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितले की उत्तरपत्रिका ठरलेल्या नमुन्याप्रमाणेच तपासाव्या लागतील. बाई म्हणाल्या, “मग मला शून्य द्या.”

आणि त्या शाळा भरण्याआधी कारखान्याच्या फाटकापाशी उभ्या राहू लागल्या. हातात पुठ्ठा; त्यावर टाचलेल्या दोन बाह्या. एक मामांच्या जुन्या सदऱ्याची, पांढरी पूड बसलेली, ती त्यांच्या बायकोने दिली होती. दुसरी तपकिरी. दोन्हीवर पारदर्शक कागद घट्ट चिकटवलेला, कोणाच्या नाकात जाऊ नये म्हणून.

“बाई, इथं उभं राहता येणार नाही,” रखवालदार म्हणाला.

“रस्ता मालकाचा आहे का?”

“नाही, पण…”

“मग तुम्ही आत उभे राहा, मी बाहेर राहते.”

कामगार जाता जाता टोमणे मारत. “अणूबाई, आज गृहपाठ तपासणार का?” “बाई, मी शिकलेलो नाही, मला पास करा!” बाई रागाने त्यांच्याकडे पाहत आणि तेच सांगत: पांढरी पूड, घरी जा, झोपा. तपकिरी, त्याच दिवशी दवाखाना. पूड दिसली नाही तरी दम लागला, दवाखाना. आणि सगळ्यांत आधी, ती कांडी हातात घेऊ नका.

“पंखा लावतो की आता,” मामा एकदा म्हणाले.

“ज्योत हलली की बंद कोण करतं?”

मामांनी मान खाली घातली. पण ते आत गेले, आणि आत जाऊन त्यांनी तीच कांडी उचलली असणार, हे बाईंना ठाऊक होते. मामांनाही तिथेच कमवायचे होते आणि तिथेच आपले हसे होऊ द्यायचे नव्हते.

एके सकाळी शिट्टी स्वतःच रिक्षाने आला. बाईंनी त्याला पाहिले आणि त्या भडकल्या. “तुला कोणी सांगितलं यायला? एवढ्या गारठ्यात!”

“तुझं कोणी ऐकत नाही म्हणून आलो. तुला ओरडायला येतं, समजवायला येत नाही.”

कामगार भोवती जमले. कोणी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, कोणी म्हणाले, “काय राजेसाहेब, किती दिवस सुट्टी?” मामा म्हणाले, “वाजव रे एकदा. तू गेल्यापासून शेड मुकी झालीय.”

त्याने ओठ जुळवले. गाल फुगले, गळ्याच्या शिरा ताणल्या. बाहेर आली ती नुसती हवा, पंक्चर चाकातून निसटावी तशी, आणि तीही लगेच संपली. तो रिक्षाच्या दांडीला धरून उभा राहिला. श्वास परत यायला वेळ लागला, आणि तेवढा वेळ सगळ्यांना तिथे उभे राहून पाहावे लागले.  सुपरवायझर फाटकाच्या आत उभा होता. त्यालाही पाहावे लागले.

“मेव्हणी नाही ती,” शिट्टी शेवटी म्हणाला. “कॅडमियम आहे. तसंच म्हणा.”

मामा आत गेले. त्यांच्या मागून बाकीचे. थोड्या वेळाने शेडमधून मामांचा आवाज आला, थट्टेतला नव्हे: “साहेब, ही उचलून न्या इथनं. आमच्यातला कोणी हात लावणार नाही. तुम्हाला जोडायचं असेल तर तुम्ही जोडा.” मालकाचे नाव घेतले गेले, आवाज चढले, काहीतरी जमिनीवर आदळून खणखणले.

बाई पुठ्ठा धरून उभ्याच होत्या. सुपरवायझर कांड्यांचे गठ्ठे दोन्ही हातांनी छातीशी धरून बाहेर आला आणि कचऱ्याच्या ढिगाकडे वळला.

“तिकडे नाही!” बाई कडाडल्या. “कचऱ्यात गेलं म्हणजे संपलं का? तिथे कोणीतरी जाळेल आणि तेच छातीत घेईल. अठ्ठेचाळीस कुठेही टाकलंस तरी अठ्ठेचाळीसच राहतं. ज्याच्याकडून आणलंस त्याच्याकडे परत नेऊन दे. आणि देताना त्याला सांग काय आहे ते. पूर्ण सांग.”

तो थांबला. मग “हो, बाई,” म्हणून गठ्ठे घेऊन तसाच रस्त्याला लागला. बाईंनी घड्याळ पाहिले. शाळेची घंटा होत आली होती. भावाला रिक्षात बसवताना त्या त्याच्यावर ओरडतच होत्या: मफलर नीट बांध, बोलू नकोस, हसू तर मुळीच नकोस.